सार्वजनिक आरोग्याची डॉक्टरकी



एमबीबीएस झाल्यावर ज्या वाटा समोर असतात त्यांत सार्वजनिक आरोग्याची वाट बहुधा सर्वांत शेवटी विचारात घेतली जाते. पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्यांत मेडिसिन, रेडिओलॉजी, त्वचारोग यांच्या जागा आधी भरतात आणि ज्याला महाविद्यालयांत अजूनही ‘पीएसएम’ (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) म्हणतात तो विषय उरलेल्यांच्या वाट्याला येतो. त्यामागे पैशाचे कारण आहेच, पण तेवढेच नाही. शल्यचिकित्सकाने अपेंडिक्स काढले की रोगी चार दिवसांत घरी जातो आणि नातेवाईक पेढे घेऊन येतात. सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टरला आपण वाचवलेले मूल कोणते हे सांगता येत नाही. हजारामागे साठ अर्भके मरत होती, ती पंचवीस मरू लागली, एवढेच त्याला कागदावर दिसते. उरलेली पस्तीस गावात खेळत असतात. ती कोणती हे त्यांच्या आयांनाही ठाऊक नसते, कारण आपले मूल त्या पस्तिसांतले आहे हे आईला कळण्याचा मार्गच नाही. ज्याला पेढ्यांची हौस आहे त्याने या वाटेला न जाणे बरे.

या कामाचे स्वरूप नीट कळण्यासाठी मुंबईतला प्लेग आठवावा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रोग्यांना तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे सांगितले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. बंदराच्या शहरात प्लेग जाहीर करणे म्हणजे व्यापारावर गदा आणणे. निदान वैद्यकीय होते, पण तोंडातून बाहेर पडताक्षणी ते राजकीय झाले. पुढचा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. १८९७ चा साथरोग कायदा आला, पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या झाल्या, लोक रोगी लपवू लागले आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली होती. म्हणजे निदान बरोबर होते, लस हाताशी होती, कायदाही होता. लोकांना विश्वासात घेण्याची बुद्धी तेवढी नव्हती, आणि त्या एका उणिवेने बाकी सगळ्यावर पाणी पडले. सार्वजनिक आरोग्यात औषधाइतकाच ते कसे पोचवले जाते याचा हिशेब लागतो, हे तेव्हापासून माहीत आहे आणि तेव्हापासून विसरले जात आहे.

शिक्षणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एमडीला सामुदायिक वैद्यक घेता येते, किंवा काही वर्षे काम करून मग सार्वजनिक आरोग्याची एमपीएच पदवी घेता येते. तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, कोलकात्याची १९३२ पासूनची हायजीन इन्स्टिट्यूट अशी ठिकाणे देशात आहेत. परदेशी विद्यापीठेही आहेत. आधी काम आणि मग पदवी, हा क्रम अधिक बरा. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन वर्षे न काढता ज्याने साथरोगशास्त्र वाचले, त्याला सूत्रे येतात पण शंका येत नाहीत. कागदोपत्री सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असते. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दिवस ओपीडी, लसीकरण सत्रे, तालुक्याच्या मीटिंगा, शवविच्छेदन आणि मासिक अहवाल यांत जातो. बहुतेक जण त्या अहवालाला हमाली समजतात. वास्तविक या डॉक्टरकीची पहिली पाठशाळा तोच अहवाल. जन्मून तासाभरात गेलेले मूल नोंदवहीत ‘उपजत मृत’ म्हणून जाते, किंवा जातच नाही. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईचे मूल दगावले तर सासरचे उपकेंद्र म्हणते ते माहेरच्या हद्दीतले आणि माहेरचे म्हणते ते सासरचे. अशा रीतीने दोन्हीकडचा बालमृत्युदर उत्तम राहतो. ज्याला हा खेळ एकदा दिसला त्याच्या हाती पुढे कोणताही सरकारी तक्ता आला की तो आधी विचारतो, हे मोजले कोणी आणि न मोजण्यात कोणाचा फायदा होता?

महाराष्ट्रात या वाटेचा पहिला मोठा टप्पा जामखेडचा. वेल्लोरला शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. गावागावांतल्या बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. दर आठवड्याला त्यांना जामखेडला बोलावून शिकवले जाई. पाण्याचे हातपंप गावाच्या दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले, म्हणजे बाकीच्यांना पाण्यासाठी तिकडे यावे लागले. वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हा उपचार सापडत नाही, पण अतिसारावर तो लागू पडतो आणि अस्पृश्यतेवरही थोडाफार पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांवर जे पुस्तक काढले त्यात जामखेड होते, आणि १९७८ मध्ये अल्मा-आटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली तेव्हा जगापुढे जी थोडी प्रत्यक्ष उदाहरणे होती त्यांत ते एक होते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडने करून दाखवले. गडचिरोलीने तेच काम आकड्यांत सिद्ध केले आणि मग सरकारच्या टेबलावर नेले. म्हणून करिअर या दृष्टीने गडचिरोलीचा अभ्यास अधिक बारकाईने करावा. तिथले काम उभे करणारे अभय बंग सेवाग्रामच्या गांधीवादी वातावरणात वाढले. ते आणि त्यांच्या पत्नी राणी बंग नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. अभय बंग यांचे धोरणाशी पहिले भांडण औषधावरून नव्हते. रोजगार हमीवरच्या मजुरांचे किमान वेतन ज्या हिशेबाने ठरवले गेले होते, तो हिशेब त्यांनी वर्धा जिल्ह्यातल्या शेतमजुरांच्या कामाशी आणि आहाराशी ताडून पाहिला आणि त्यातल्या चुका दाखवून दिल्या. सरकारला दर वाढवावा लागला. डॉक्टरने मजुरीच्या दरात का पडावे, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल. उष्मांकांचा हिशेब डॉक्टरला येतो, कामगार खात्याला येतोच असे नाही, हे त्याचे साधे उत्तर.

बंग पतिपत्नी १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेद्वारे काम करू लागले. (आरोळे दांपत्यही हॉपकिन्सचेच. दोन्ही उदाहरणे जोडप्यांची आहेत, तो योगायोग समजू नये. एकट्याने अशा ठिकाणी पंधरा वर्षे काढणे अवघड असते, आणि घरचे माणूस मनातून पुण्या-मुंबईत असेल तर त्याहून अवघड.) राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम आठ टक्के निघाल्या. या तपासणीवरचा लेख १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तोवर ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण अशीच सरकारी समजूत होती. १९९४ मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचा विचार पुढे आला, त्या विचाराला आधार देणाऱ्या पुराव्यांत हा अभ्यास होता.

त्यानंतर न्यूमोनिया. लहान मुलाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे स्टेथोस्कोपशिवाय ओळखायचे तर श्वास मोजावे लागतात. आणि जिला विसाच्या पुढे मोजता येत नाही अशा सुईणीने मिनिटाला पन्नास श्वास कसे मोजायचे? त्यासाठी पाटीवरच्या मण्यांसारखे एक साधन तयार झाले. एका चौकटीत मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आणि दुसरी मोठ्या मुलासाठी, आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. नाही सरकला तर सर्दी. दहापर्यंत मोजता आले की निदान करता येते. गावातले आरोग्यसेवक आणि सुईणी कोट्रायमॉक्साझोल देऊ लागल्या. त्यांनी उपचार केलेल्या मुलांत न्यूमोनियाने मरण्याचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. हा निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

पण बालमृत्यूंतला मोठा वाटा पहिल्या महिन्यातला, आणि तिथे गोळ्या पुरत नाहीत. जंतुदोष झालेल्या नवजाताला जेंटामायसिनचे इंजेक्शन लागते. इस्पितळ दूर, आईला बाहेर काढण्याची रीत नाही, म्हणून ३९ गावांतल्या थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, बाळ रडले नाही तर त्याला श्वास देणे, वजन करणे, ऊब देणे, आणि लक्षणे जुळली तर घरीच इंजेक्शन देणे, हे सगळे त्यांचे काम. पुस्तकात शिकवलेल्या जवळजवळ प्रत्येक नियमाच्या हे विरुद्ध होते. आठवी शिकलेली बाई सात दिवसांच्या बाळाला सुई टोचणार, यावर शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनी आक्षेप घेणे स्वाभाविक होते. आक्षेपाला उत्तर भाषणाने दिले गेले नाही. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला होता. तुलनेच्या ४७ गावांत तो ५९.६ होता. जंतुदोष झालेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आले. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

इथे एक अवघड गोष्ट दडवून चालणार नाही. तुलनेची गावे नसती तर हा पुरावा उभा राहिला नसता, आणि तुलनेच्या गावांतही मुले मरतच होती. त्या गावांना नेहमीच्या सरकारी सेवा होत्या, त्या काढून घेतल्या नव्हत्या, हे खरे. तरीही मरण मोजत राहणे ही सोपी गोष्ट नाही. या क्षेत्रात शिरणाऱ्याने हा प्रश्न नैतिकतेच्या तासाला सोडून देऊ नये. निष्कर्ष स्पष्ट झाल्यावर प्रयोग किती लवकर थांबवला आणि उपाय तुलनेच्या गावांपर्यंत कधी नेला, यावर संशोधकाची परीक्षा होते.

आता धोरणाचा भाग. पुरावा छापून आला की सरकार तो वाचते आणि अंमलात आणते, अशी एक भाबडी समजूत तरुण डॉक्टरांत असते. १९९९ चा लेख राष्ट्रीय कार्यक्रम व्हायला २०११ उजाडले. मधल्या काळात २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या भागांत संस्थांनी मिळून मुलांचे मृत्यू मोजले होते आणि सरकारी नोंदीत त्यांचा लहानसा भागच येतो असे दाखवले होते. वृत्तपत्रांनी तो लावून धरला, विधिमंडळात गदारोळ झाला, न्यायालयानेही लक्ष घातले. लॅन्सेटने जे झाले नाही ते मराठी अहवालाने झाले, कारण आमदार लॅन्सेट वाचत नाहीत. एकच निष्कर्ष तज्ज्ञांसाठी इंग्रजीत, गावासाठी गावच्या बोलीत आणि मंत्र्यासाठी एका पानात मांडता आला पाहिजे; तिन्ही ठिकाणी आकडा मात्र तोच हवा. पानाच्या आकाराप्रमाणे आकडा फुगवणाऱ्याचे पुढे कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविका आल्या, आणि २०११ पासून नवजाताच्या घरभेटी त्यांच्या कामात धरल्या गेल्या. बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी बाळंतपण झाले तर सात, आणि त्याबद्दल अडीचशे रुपये. इंजेक्शनचा भाग मात्र आशांच्या हाती दिला गेला नाही. म्हणजे ज्या उपायाने जंतुदोषाचे मृत्यू घटले होते, नेमका तोच गाळून बाकीचा कार्यक्रम देशभर गेला. यावर दोन तऱ्हेचे लोक दिसतात. एक म्हणतात, सरकारने मूळ कल्पनाच मारली. दुसरे म्हणतात, आपला विजय झाला. दोघेही चुकतात. धोरणात नेहमी जितके यंत्रणेला झेपते आणि जितके व्यवसायाला सोसते तितकेच येते. उरलेल्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा बैठका. शिवाय या आशा अजून ‘स्वयंसेविका’ म्हणूनच मोजल्या जातात; २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, पण मानधनासाठी संप करण्याची वेळ त्यांच्यावर येतच असते. गावच्या बाईच्या हाती आरोग्य द्या असे ज्यांनी आयुष्यभर सांगितले, त्या डॉक्टरांवर तिच्या पगाराबद्दल बोलण्याची जबाबदारी अधिक आहे. तेवढे ते बोलत नाहीत, असे म्हणणे भाग आहे.

कायद्याची नस कशी शोधावी लागते याचे उदाहरण गुटख्याचे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखाबंदी केली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. त्यानंतर तोंडाच्या कर्करोगाचे रोगी वाढत राहिले, आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या पंकज चतुर्वेदींसारख्या शल्यचिकित्सकांनी आपले रोगीच राज्यकर्त्यांसमोर उभे केले. जबडा काढलेला तिशीतला माणूस समोर बसला की फाइल हलते. पण बंदी टिकवायला नुसती हळहळ पुरत नाही. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन नसावे अशी तरतूद आली, आणि गुटखा हा खाद्यपदार्थ आहे या आधारावर २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी आणली. उत्पादकांनी लगेच पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकायला सुरुवात केली. नियमातल्या एका ओळीने बंदी आली आणि दोन पुड्यांनी तिला वळसा घातला. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याला कायद्याची कलमे वाचायचा कंटाळा परवडत नाही.

मिळवलेले टिकतेच असेही नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध जे काही बोलायचे ते बोलता येईल, पण बंदी असताना त्या जिल्ह्यात किती दारू प्यायली जाते, किती मारहाण घटली, हे वर्षानुवर्षे मोजणारे कोणी तिथे ठाण मांडून असले तरच तो वाद मुद्द्यावर राहतो.

सगळ्यांत महागात पडते ते आपल्याच व्यवसायाविरुद्ध बोलणे. १९७४ पासून चाललेल्या ‘मेडिको फ्रेंड सर्कल’मधल्या डॉक्टरांनी, महाराष्ट्रात डॉ. अनंत फडके यांच्यासारख्यांनी, अनावश्यक औषधे, सलाइनचा सुळसुळाट, खासगी रुग्णालयांवर नसलेले नियंत्रण या गोष्टी वर्षानुवर्षे मांडल्या. असे मांडणाऱ्याला लग्नसमारंभात सहाध्यायी जरा लांबूनच भेटतात. सरकारविरुद्ध बोलल्याने टाळ्या मिळतात. कट प्रॅक्टिसविरुद्ध बोलल्याने रेफरन्स बंद होतात. हे आधी माहीत असलेले बरे.

उपजीविकेचे म्हणाल तर उपासमार होत नाही. जिल्हा परिषदेची सेवा, राज्याचे आरोग्य खाते, वैद्यकीय महाविद्यालयातले अध्यापन, आंतरराष्ट्रीय संस्थांची सल्लागारी, स्वयंसेवी संस्था असे मार्ग आहेत. सल्लागारीत पैसा चांगला आणि मुक्काम दिल्लीत. तिथे अहवाल पुष्कळ लिहून होतात. मात्र देणगीदाराचा विषय तीन वर्षांनी बदलतो आणि त्याबरोबर माणसाचाही बदलतो: आज क्षय, उद्या पोषण, परवा हवामानबदल. वर सांगितलेल्यांपैकी कोणीही असे केले नाही. एक भाग धरला, एक प्रश्न धरला, आणि तो सुटेपर्यंत किंवा निदान सरकायला लागेपर्यंत जागा सोडली नाही. भारताचा अर्भक मृत्युदर २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत हजारी २८ आणि महाराष्ट्राचा १६ होता. सरासरी सुधारली की आदिवासी तालुक्यांतले आकडे तिच्याखाली झाकले जातात, त्यामुळे पुढची पन्नास वर्षे मोजायला काम पुरेल.

ज्याला हे करून पाहायचे आहे त्याने आधी पदवीच्या मागे लागू नये. सरकारी सेवेच्या बंधपत्राचे वर्ष नाहीतरी द्यायचेच असते. ते धडगाव, मोखाडा, धारणी किंवा भामरागड अशा तालुक्यात मागून घ्यावे. तिथली जागा मागायला सहसा दुसरे कोणी रांगेत नसते.